सोलरचा ४जी कॅमेरा, नदीकाठच्या पाण्याच्या मोटारीवर, आठ महिने वापरून (३ स्टार, का ते खाली)

ब्रँडचं नाव लिहिणार नाही, कारण खरं सांगायचं तर मलाच ते नक्की माहीत नाही. डब्यावर एक नाव, कॅमेऱ्याच्या पोटावर दुसरं आणि मोबाईलमधे जे ॲप टाकायला लावलं त्याचं तिसरंच. बसवायला आलेलं पोरगं म्हणालं, आत सगळ्यांच्या एकच माल असतो दादा, स्टिकर फक्त वेगळं. त्यामुळं सात हजाराच्या आसपास जे सोलर पॅनलवाले, सिमकार्डवाले, गोल फिरणारे कॅमेरे मिळतात ते सगळे साधारण असेच असणार असं धरून वाचा.

आता घेतला कशाला ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल शेतात कॅमेरा म्हणजे पैसा जास्त झालाय याला.

आमचा पट्टा म्हणजे जुन्नर-आंबेगाव-शिरूरचा, बारमाही नदी, जागोजागी केटीचे (कोल्हापूर पद्धतीचे) बंधारे, काठाला ऊस. गेल्या फेब्रुवारीत कांदा पोसायला आलेला, पाण्याची पाळी तोंडावर, आणि सकाळी आण्णा (माझे वडील) मोटार चालू करायला गेले. हिरवं बटण दाबलं, खटका पडला, पण ॲमीटरचा काटा जागचा हलला नाही. त्यांना वाटलं फेज गेला. नदीवर उतरून बघितलं तर मोटार पाण्यात शाबूत आणि केबलचं हातभर शेपूट पाण्याबाहेर लोंबतंय, पुढची दीडशे फूट गायब. त्याच रात्री आमच्या रांगेतल्या आणखी तिघांच्या केबली गेल्या. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला खडकावर एक काळा डाग पडलेला आणि जळक्या रबराचा वास, म्हणजे गडी घाईत पण नव्हते, तिथंच बसून केबल जाळली, तांबं काढलं, पोत्यात भरलं आणि गेले.

हिशोब बघा. केबलचं बिल साडेनऊ हजार. तीन कोअर (म्हणजे आत तांब्याच्या तीन वायरी), सहा एमएमची, दीडशे फुटात तांबं निघतं सात किलोच्या आसपास, ते चोरीचं म्हणून पाडून विकलं तरी तीन-चार हजार सुटतात. म्हणजे चोराला चार हजार मिळावेत म्हणून माझं साडेनऊ हजाराचं नुकसान, वर पाणी तुटलं चार दिवस त्याचा कांद्यावर जो परिणाम झाला तो कुठंच लिहिला जात नाही.

आणि वेळ कशी निवडली ते ऐका. आमच्याकडं शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी फिरते. ज्या आठवड्यात दिवसा लाइट असते त्या आठवड्यात रात्री थ्री फेज लाइन मेलेली, केबल कापायला शॉकची भीती नाही, आणि शेतकरी पण घरी झोपलेला कारण पाणी द्यायचंच नाही. आमच्या गावातल्या चोऱ्या आठवून बघितल्या तर सगळ्या अशाच आठवड्यातल्या. चोराला आमच्यापेक्षा वेळापत्रक पाठ.

रात्री राखण करा म्हणणारे खूप भेटले. त्यांना माझं एकच सांगणं, एकदा आमच्या उसातून रात्री दोनला नदीवर जाऊन दाखवा. या भागात बिबट्या आहे, एक-दोन नाही, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे यावरून समजा. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेला तेव्हा लोक फडात खाट टाकून झोपत होते ते खरंय, पण ते महिनाभर, चार-पाच जण मिळून. एका केबलसाठी वर्षभर कोण झोपणार.

तक्रारीचा किस्सा थोडक्यात. चौघं मिळून पोलीस स्टेशनला गेलो (कुठलं ते विचारू नका). ड्युटीवरचे म्हणाले, अर्ज देऊन जा, बघतो. अर्ज दिला, पोच घेतली, खुश होऊन घरी आलो. आमच्या गावच्या पोलीस पाटील एक ताई आहेत, त्यांनी ती पोच बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो हा अर्ज झाला, गुन्हा दाखल नाही झाला, एफआयआरची कॉपी कुठाय, ती फुकट द्यायची असते. मग त्यांनी जे सांगितलं ते मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं म्हणून इथं लिहून ठेवतो, कॅमेऱ्याचा रिव्ह्यू वाचायला आलात तरी हे उपयोगी पडेल.

जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झालेत त्यात चोरीच्या मालाची किंमत पाच हजाराच्या आत असली तर ती अदखलपात्र धरतात, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून मोकळे. आमच्यातल्या एकाची चाळीसच फूट केबल गेलेली, त्यानं आपला अंदाजे 'दोन-अडीच हजार' सांगून टाकला, बसला बोंबलत. तर अंदाजे काही सांगायचं नाही, बिल शोधायचं, नसेल तर दुकानदाराकडून दुसरी प्रत घ्यायची आणि केबल, स्टार्टरचं सामान, जे जे गेलं ते सगळं एकाच तक्रारीत खऱ्या किमतीनं लिहायचं. दुसरं, गुन्हा कुठल्या हद्दीत झाला यावरून परत पाठवता येत नाही, झिरो नंबरनं (म्हणजे हद्द आपली नसली तरी) दाखल करून घ्यावाच लागतो. नदीकाठच्यांना हे माहीत पाहिजेच, कारण निम्मी नदी एका स्टेशनात आणि निम्मी दुसऱ्यात असते. तिसरं, ऑनलाइन पण कळवता येतं, फक्त तीन दिवसात जाऊन सही करायची. आणि घेतच नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं, जिल्ह्याच्या एसपींना पाठवायची. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ताई बरोबर होत्या, एसपींना पोस्टानं पाठवू का एवढंच त्यांनी हळू आवाजात विचारलं, तासाभरात एफआयआर. केबल अर्थात मिळाली नाही, ती कधीच वितळून कुठल्यातरी भंगारवाल्याकडून पुढं गेली असणार.

तर मे महिन्यात कॅमेरा घेतला.

दुकान तालुक्याच्या गावातलं, नाव नको. घेताना जावयासारखी वागणूक, खुर्ची, चहा, पंखा माझ्याकडं फिरवला. मालक म्हणाला पाऊस असो ऊन असो वर्षभर बघायला नको. कॅमेरा ६,८०० ला, मेमरी कार्ड ६४ जीबीचं वेगळं, बारा फुटी जीआय पाइप आणि खाली काँक्रीट धरून सगळा खर्च साडेनऊ हजाराच्या पुढं गेला, म्हणजे एका केबलच्या पैशात केबल राखायचा कॅमेरा. सिमला महिन्याला दोनशेच्या आसपास जातात, ते कुणी आधी सांगत नाही. घेतल्यानंतर मालकाला सात-आठ वेळा फोन केला असेल, एकदा उचलला आणि 'गिऱ्हाईक आहे, करतो' म्हणाला, ते गिऱ्हाईक अजून गेलेलं दिसत नाही. बसवणारं पोरगं मात्र गुणी, स्वतःच्या मोबाईलवर तीन कंपन्यांची रेंज बघून कुठलं सिम चालेल ते सांगितलं, नदीच्या खोलगट भागात एकाच कंपनीचे दोन दांडे येतात. दुकानाला दोन स्टार, ते दोन्ही त्या पोराचे.

चित्र दिवसा एक नंबर. पलीकडच्या काठावरच्या म्हशी मोजता येतात. घरबसल्या मोबाईलवर बोट फिरवलं की कॅमेरा मान वळवतो, पहिल्या आठवड्यात सगळं घर त्यातच. रात्री पण दिसतं, काळंपांढरं, तीस-चाळीस फुटापर्यंत चांगलं, पुढं सगळा भुताटकीचा कारभार.

अलर्टचं मात्र डोकं उठतं. कुणी हललं की मोबाईलवर टुण वाजतं, ठीक आहे, पण उसाचं पान हललं तरी टुण, वटवाघूळ गेलं तरी टुण. पावसाळ्यात एका कोळ्यानं भिंगासमोर जाळं विणलं, रात्री कॅमेऱ्याच्या उजेडात ते चांदीसारखं चमकायचं आणि एका रात्रीत चाळीस-चाळीस अलर्ट. त्यात 'फक्त माणूस ओळखा' अशी सेटिंग आहे, ती चालू केली तर आमची आई खाली बसून गवत काढत असली की ती माणूस नाही आणि बगळा एका पायावर उभा राहिला की तो माणूस. शेवटी पाइपला वरपर्यंत ग्रीस फासलं, डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून लटकवल्या, थोडा फरक पडला. पण माणसाचं काय होतं, शंभर वेळा खोटं वाजलं की एकशे एकाव्या वेळी तो उठत नाही. जुलैत मी आवाजच बंद करून टाकला होता, हे कबूल करतो.

पावसाळ्यात बॅटरीनं पण दम तोडला. आषाढात सलग पाच-सहा दिवस सूर्य नाही, बॅटरी चौदा टक्के, मग रात्री अकरा ते पाच कॅमेरा आपोआप झोपायचा. म्हणजे राखणदार नेमका राखणीच्या वेळेला झोपणार. पॅनलवर पक्षी घाण करतात ती वेगळी, वेळूच्या काठीला ओलं फडकं बांधून पंधरा दिवसाला पुसावं लागतं. 'वर्षभर बघायला नको' म्हणणाऱ्याला एकदा ती काठी हातात द्यायची आहे.

त्यात बोलायची सोय आहे, म्हणजे तुम्ही घरून बोललात की तिकडं कॅमेऱ्यातून आवाज येतो. आण्णांना हे फार आवडलं. एकदा पहाटे पाचला त्यांनी मोबाईलवर एक आकृती बघितली आणि जोरात ओरडले, "कोण हाय रं तिकडं?" तिकडून आवाज, "मी हाय, गप की आता!" शेजारचे तात्या होते, हातात टमरेल. घरी संडास असून तात्या नदीवर जातात हा त्यांचा प्रश्न, पण त्या दिवसापासून तात्या आमच्या बांधावरून जात नाहीत.

हसण्यावारी गेलं ते, पण दोन दिवसांनी वस्तीवरच्या बायका आईकडं आल्या. त्यांचा धुण्याचा खडक कॅमेऱ्याच्या टप्प्यात येत होता. मला खरंच सुचलं नव्हतं, मी केबलच बघत होतो. त्याच दिवशी कॅमेरा फिरवला आणि ॲपमधे तेवढा भाग काळा करायची सोय आहे ती लावली, मोबाईल त्यांच्या हातात देऊन दाखवलं. दुकानात हे कुणीच सांगत नाही. बसवायच्या आधी आजूबाजूला विचारून घ्या, विशेषतः घरातल्या बायकांना विचारा, त्या वाटेनं कोण कधी जातं त्यांनाच माहीत असतं.

आता मुख्य रात्र. नोव्हेंबर, दिवसा लाइटचा आठवडा (बघा, मी सांगितलं होतं). पावणेदोनला टुण वाजलं. मी पाणी प्यायला उठलेलो म्हणून बघितलं, नाहीतर नसतं बघितलं. दोन जण. एकाच्या तोंडाला पांढरा टॉवेल गुंडाळलेला, दुसऱ्याच्या डोक्यावर पोतं उलटं घातलेलं, पावसात घालतात तसं. एक पाण्यात गुडघाभर. आवाज चालू केला तर करवतीच्या पात्याचा खर्र खर्र आवाज आणि मधेच एकाचा खोकला, चांगला बिडीचा, छातीतून येणारा. वरच्या वाटेवर मोटरसायकल उभी. नंबरप्लेट बरोबर कॅमेऱ्याकडं तोंड करून. आणि नंबर? कॅमेऱ्याच्या रात्रीच्या उजेडात प्लेट नुसती पांढरीफेक, ट्यूबलाइटकडं बघितल्यासारखी, एक आकडा वाचता येईल तर शपथ. तुम्ही हा कॅमेरा गाडीचा नंबर मिळेल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, यासाठी एक स्टार पूर्ण कापला.

सायरनचं बटण दाबलं. सायरन बरा वाजतो, पण किती, लग्नातल्या पिपाणीएवढा. गड्यांनी वर बघितलं, टॉवेलवाल्यानं मान खाली घातली आणि करवत परत चालू. कॅमेरा वाजतोय म्हणून चोर पळतो हे त्या डब्यावरच्या चित्रातच.

मग मी फोन लावला ग्रामसुरक्षा यंत्रणेला, १८०० २७० ३६००. आमचं गाव त्यात आधीपासून आहे, पण मी स्वतः त्या दिवशी पहिल्यांदा वापरलं. काम एकदम साधं, फोन लावायचा, आपलं नाव, गाव, काय चाललंय, कुठं चाललंय ते स्वच्छ बोलायचं, आणि गावातल्या जेवढ्यांचे नंबर नोंदवलेत त्या सगळ्यांना फोन जातो आणि त्यांना आपलाच आवाज ऐकू येतो. मेसेज नाही, फोन. रात्री दोनला मेसेज कोण वाचतं, फोन वाजला की माणूस उठतो. टोल फ्री, साध्या बटणाच्या मोबाईलवर पण चालतं. माझा स्वतःचा मोबाईल पण वाजला आणि मलाच माझा घाबरलेला आवाज ऐकू आला, "नदीवर बंधाऱ्याजवळ दोन माणसं केबल कापत्यात," लाज वाटली थोडी. लगेच पुढचा फोन ११२ ला, त्यांनी जागा विचारली, जवळची खूण विचारली, माणसं किती, हत्यार दिसतंय का, आणि तुम्ही एकटे जाऊ नका असं दोनदा सांगितलं.

दहा मिनिटात वस्त्यांवरच्या बॅटऱ्या पेटायला लागल्या. उसात कुणी शिरलं नाही, सगळे डांबरीवर आणि बांधावर उभे राहून नुसता आरडाओरडा आणि उजेड, फटाके पण वाजवले दोन, दिवाळीचे राहिलेले. कॅमेऱ्यात मी बघतोय, गड्यांनी काम टाकलं, मोटरसायकल ढकलतच वाटेनं नेली आणि पलीकडच्या रानातून गायब. पोलिसांची गाडी आली तेव्हा पाऊण तास झाला असेल. पाण्यात करवतीचं पातं, काठाला पोतं आणि माझी केबल निम्मी कापलेली, एक कोअर तुटलेली, दोन शाबूत. एक जॉइंट मारला, काम झालं. म्हणजे वाचली. कॅमेऱ्यानं दाखवलं, मोबाईलनं उठवलं, लोकांनी पळवलं, कुणाला किती स्टार द्यायचे ते तुम्ही ठरवा.

इथं एक आमच्याच गावाची चूक लिहितो. दुसऱ्या दिवशी कळलं की बऱ्याच घरात फोन गेलाच नाही, कारण नोंदवलेले नंबर जुने, सिम बंद पडलेली, पोरं पुण्याला गेलेली आणि त्यांचे नंबर अजून यादीत. एक जण बाणेरला रात्री दोनला उठून बसलेला. ताईंनी आता घरोघरी फिरून नंबर नवे घेतलेत.

खरी भीती मला मात्र दुसऱ्या दिवशी वाटली, त्या रात्री नाही.

झालं असं की माझ्या पुतण्यानं सकाळी सहाला त्या व्हिडिओची वीस सेकंदाची क्लिप गावच्या ग्रुपवर टाकली. मी नको म्हणालो नव्हतो, मला सुचलंच नाही. आठ वाजता ती शेजारच्या तीन गावांच्या ग्रुपवर. दहा वाजता माझाच व्हिडिओ मला परत आला, खाली लिहिलेलं, 'सावधान, मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात, पांढरा टॉवेल ही ओळख'. माझाच पाइप, माझीच मोटार, आणि मुलं पळवणारी टोळी! २०२४ च्या पावसाळ्यात इकडं रात्री ड्रोन फिरतात, चोर ड्रोननं घरं बघून जातात म्हणून सगळी गावं जागी राहायची, त्या वेळचेच ग्रुप हे, नाव फक्त बदललेलं.

साडेअकराला एक गादीवाला गावात आला. कापूस पिंजून गाद्या भरून देतात ना, तसा, सायकलवर त्याचं ते पिंजायचं यंत्र, परराज्यातला, मराठी मोडकी. आणि खांद्यावर टॉवेल. पांढरा. उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाच्या खांद्यावर टॉवेल नसेल तर काय असेल, माझ्या पण असतो. पारावर पोरांनी त्याला अडवला. पाच होती ती दहा झाली, दहाची पंचवीस. मी पोचलो तेव्हा एकानं त्याची कॉलर धरलेली आणि दुसरा मोबाईलवर माझा व्हिडिओ त्याच्या तोंडाजवळ धरून चेहरा जुळवत होता. ज्या व्हिडिओत चेहराच नाही.

मला एकदम राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, बाजाराचा दिवस, पाच माणसं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी, मुलं पळवतात या अफवेवर ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली. दोन वर्षांनी पालघरला गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. तेव्हा टीव्हीवर बघून आपण म्हणालो होतो, काय माणसं आहेत. ती माणसं म्हणजे आमच्या पारावरच्या पोरांसारखीच पोरं असणार, सकाळी दूध घालून आलेली.

ताई आल्या. आवाज चढवला नाही, गर्दीला काही समजावायच्या भानगडीत पण पडल्या नाहीत. सरळ गादीवाल्याचा हात धरला, देवळाच्या ओट्यावर बसवला आणि स्वतः त्याच्या शेजारी चिकटून बसल्या. समोरच्या हॉटेलवाल्याला म्हणाल्या दोन चहा आण. मग त्याचं आधार मागितलं, फोटो काढला, स्टेशनला फोन लावून सगळ्यांना ऐकू जाईल असा नंबर वाचून दाखवला आणि पोरांना म्हणाल्या, "ज्यानं याची कॉलर धरली त्याचं नाव पण सांगू का साहेबांना?" कॉलर धरणारा मागच्या मागं गेला. चहा येईपर्यंत गर्दी निम्मी. गादीवाल्याचा हात इतका थरथरत होता की बशीतला चहा टॉवेलवर सांडला.

१९६७ च्या कायद्यानं चालणारं ते पोलीस पाटलाचं पद, कित्येकांना वाटतं नुसतं दाखल्यावर सही करायला असतं. २०२४ मधे त्यांचं मानधन साडेसहा हजारावरनं पंधरा हजार केलं तेव्हा पारावर हीच मंडळी म्हणत होती, काय काम करतात म्हणून. काय काम करतात ते मी त्या ओट्यावर बघितलं.

व्हिडिओचं आणखी एक. पोलिसांनी मागितला तेव्हा मी मोबाईलमधला पुढं पाठवायला निघालो, तर ते म्हणाले तसा नको, मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच राहू द्या, आम्ही पंचनाम्यात काढतो, आणि बरोबर साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, कुठल्या यंत्रातनं काढलं, कुणाच्या ताब्यात होतं वगैरे, त्यावर तुमची सही. नाहीतर कोर्टात तो व्हिडिओ कागदाच्या कपट्याएवढा. म्हणजे ग्रुपवर टाकल्यानं केसला पैशाचा उपयोग नाही, झाला तो फक्त त्या गादीवाल्याला त्रास. आता आमच्या घरात नियम, कॅमेऱ्यातलं काही दिसलं तर ताईंना आणि पोलिसांना, ग्रुपवर नाही. पुतण्या दोन दिवस फुगून बसला होता.

गुन्हा दाखल आहे, गडी सापडलेले नाहीत. पोलिसांनी आसपासच्या भंगारवाल्यांकडं चौकशी केली असं ऐकतो, चोरीचा माल माहीत असून घेणाऱ्यावर पण गुन्हा होतो, तो कधीतरी होऊ दे म्हणजे झालं. जळकं तांबं बघून कळत नाही का हो त्यांना.

एवढं सगळं करून माझा निकाल. कॅमेरा ठेवलाय, काढणार नाही, पण दुसरा घेणार नाही. वरच्या विहिरीवर तांब्याची काढून अॅल्युमिनियमची केबल टाकली, गावातल्या निम्म्यांनी तेच केलंय, तिला चोर हात लावत नाहीत. मोटारीच्या बॉडीवर पंच मारून आमचं नाव आणि गट नंबर कोरून घेतला, वेल्डिंगवाल्यानं दीडशे रुपये घेतले, नवीन केबलवर पण दर दहा फुटाला ऑइल पेंटनं नाव. आणि मोबाईल स्टार्टर (मोबाईलवरून मोटार चालू-बंद करायचं यंत्र) घेताना केबल कापली की फोन येतो असला घ्या, मी तो आता लावलाय, त्याला कोळी, बगळा, आषाढ यातलं काही कळत नाही, केबल तुटली की वाजतो, बस. दोन्हीतलं एकच घ्यायचं म्हणाल तर तेच घ्या.

कॅमेराच पाहिजे असेल तर पावसाळा संपल्यावर घ्या, बॅटरी मोठी मागा, सिमची रेंज आधी जागेवर जाऊन बघा, आणि पाइपच्या काँक्रीटला चार दिवस तरी पाणी मारा. आम्ही दुसऱ्याच दिवशी कॅमेरा चढवला, तेव्हापासून पाइप थोडा नदीकडं कललाय आणि मोबाईलवर आमची सगळी नदी तिरकी वाहते.